हेडफोन तुटला, वॉरंटी नाकारली: ‘फिजिकल डॅमेज’च्या शेऱ्याशी कसं भांडायचं

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी एक वाक्य बोललो आणि तिथेच माझी वॉरंटी गेली. “काल बॅगेतून काढताना तुटला,” एवढंच. हेडफोन सात महिन्यांचा, डाव्या कपाचं बिजागर चिरलेलं. समोरच्याने मान डोलावली, भराभर टाइप केलं, कागद काढला आणि पेन पुढे केलं. मी न वाचता सही ठोकली. त्या कागदावर, म्हणजे जॉबशीटवर, तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘ग्राहकाच्या हातून तुटला, फिजिकल डॅमेज’. चौथ्या दिवशी मेसेज आला: दावा वॉरंटीत बसत नाही, दुरुस्ती हवी तर पैसे भरून.

मुळात तो बॅगेतून काढताना तुटलाच नव्हता. कितीतरी आधीपासून चिरत आला होता. त्या दिवशी सुटा होऊन हातात आला, इतकंच. हा फरक मला उमगायला आणि कंपनीच्या गळी उतरवायला दोन महिने लागले. शेवटी हेडफोन बदलून मिळाला. त्या दोन महिन्यांत जे उलट्या क्रमाने शिकलो, ते इथे सुलट्या क्रमाने लिहितोय.

आधी हे जमवा

- बिल. खरेदीची तारीख, विक्रेत्याचं नाव आणि मॉडेल दिसायला हवं. ऑनलाइन घेतला असेल तर ऑर्डरचा स्क्रीनशॉट पुरत नाही, इनव्हॉइस डाउनलोड करा.
- सिरियल नंबर. बहुधा कुशनच्या आत, हेडबँडच्या सरकत्या पट्टीवर किंवा खोक्यावर असतो. ब्लूटूथ हेडफोन असेल तर कंपनीच्या अॅपमध्येही सापडतो. जिथे जिथे सापडेल तिथे एकच आहे ना, तेही बघा.
- वॉरंटीच्या अटी, तुमच्या खरेदीच्या वेळच्या. संकेतस्थळावरचा मजकूर बदलत राहतो. खोक्यातलं पत्रक असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा.
- तुटलेल्या जागेचे फोटो आणि बिघाडाचा व्हिडिओ. व्हिडिओ कसा काढायचा ते दुसऱ्या पायरीत, फोटो तिसऱ्या पायरीत.
- आजवरच्या चॅट, ईमेल, मेसेज. चॅटची खिडकी बंद केली की मजकूर जातो, म्हणून बंद करण्याआधी जतन करा.
- एक साधी वही किंवा फाइल: तारीख, कोणाशी बोललो, काय ठरलं, तक्रार क्रमांक. मला वाटायचं हे सगळं लक्षात राहील. तिसऱ्या फोननंतर काहीही लक्षात राहत नाही.

१. हात लावू नका

तुटल्यावर पहिला मोह होतो तो चिकटवायचा. सुपरग्लूचा एक थेंब आणि काम झालं, असं वाटतं. थांबा. सुपरग्लू वाळताना आजूबाजूला पांढरी धुरकट साय सोडतो आणि ती प्लास्टिकवरून निघत नाही. तंत्रज्ञाला ती लांबूनच दिसते, आणि ‘अनधिकृत दुरुस्ती’ हे नकाराचं आणखी एक कारण आपणच त्याच्या हातात देतो. स्क्रू उघडून आत डोकावणं, तुटलेले तुकडे फेकून देणं, स्पिरिटने घासून पुसणं, हेही नको. तुकडे छोट्या पिशवीत घालून ठेवा.

बॅटरी फुगली असेल, म्हणजे कप उचलला गेलाय किंवा शिवण उघडलीय, तर चार्जिंग लगेच थांबवा आणि तो हेडफोन तसाच कुरियरने पाठवू नका. बिघडलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला मनाई असते. कंपनीला आधी कळवा आणि कसा पाठवायचा ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

२. दोष हेडफोनचाच आहे ना?

बिजागर तुटलं असेल तर ही पायरी सोडा. आवाजाची तक्रार असेल तर सोडू नका, कारण ‘तपासणीत दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह हेडफोन परत आला की पुढचा दावा निम्मा मेलेला असतो.

दुसऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला जोडून बघा. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा एक सरकता पट्टा असतो. तो चुकून एका बाजूला गेला की हेडफोन ‘एका कानाने बहिरा’ वाटतो. वायर सुटी होत असेल तर दुसरी लावा. ब्लूटूथचा असेल तर फोनमधून पेअरिंग काढून, रीसेट करून पुन्हा जोडा. कानात घालायच्या इअरबडचा आवाज एका बाजूने मंद झाला असेल तर आधी जाळी उजेडात धरा. बऱ्याचदा तिथे कानातला मळ साचलेला असतो.

हे सगळं करताना व्हिडिओ चालू ठेवा. एकच सलग चित्रीकरण, मध्ये कापाकापी नाही. सुरुवातीला सिरियल नंबर दिसू द्या, मग बिघाड. वायर जॅकपाशी हलवल्यावर आवाज जातो-येतो अशी तक्रार असेल तर तेच बोट, तीच वायर आणि तोच खरखराट एका चौकटीत यायला हवा. येऊन-जाऊन होणारा बिघाड सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर नेमका गप्प बसतो, तेव्हा हा व्हिडिओच बोलतो.

३. तूट भिंगातून बघा

सगळ्या लेखात हीच पायरी महत्त्वाची, म्हणून जरा रेंगाळतो.

‘फिजिकल डॅमेज’ या दोन शब्दांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक, वस्तू आपटली, दबली, वाकवली गेली. दुसरी, नेहमीच्या वापरात एखादा भाग स्वतःहून थकला. पहिली वॉरंटीत बसत नाही. दुसरी बसायला हवी, कारण डोक्यावर घालणं-काढणं हाच तर हेडफोनचा वापर. पण दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो: तुटलेलं प्लास्टिक. घाईत बघणारा दोन्हींना एकच नाव देतो.

माझ्या हेडफोनवर मी फोनचा कॅमेरा अगदी जवळ नेला. डाव्या बिजागराची चीर स्क्रूच्या भोकापासून निघाली होती आणि केसाएवढी बारीक होत बाहेरच्या कडेला आली होती. दोन्ही बाजूंचं काळं प्लास्टिक पांढुरकं पडलेलं. कपावर, हेडबँडच्या टोकावर, जिथे पडल्यावर हमखास लागतं तिथे ओरखडासुद्धा नव्हता. मग सहज म्हणून धडधाकट दिसणारी उजवी बाजू उजेडात धरली. तिथेही त्याच स्क्रूच्या भोकापासून, त्याच दिशेने, अर्ध्या सेंटीमीटरची चीर! अजून तुटायची होती, एवढंच. त्या क्षणी मला कळलं की माझ्या हातात पुरावा आहे.

आपटून फुटलेल्या वस्तूवर सहसा आघाताची जागा सापडते: कोपरा चेपलेला, रंग उडालेला, चीर बाहेरून आत गेलेली. थकून तुटलेल्या भागाची चीर बहुधा ताण साठतो तिथून निघते, म्हणजे स्क्रूचं भोक, आतला टोकदार कोपरा, पातळ भिंत. स्क्रू कारखान्यात जास्त आवळला गेला असेल तर त्याच्याभोवतीचं प्लास्टिक पहिल्या दिवसापासून ताणलेलं असतं आणि प्रत्येक उघडझाप त्यात भर घालते. दोन्ही बाजूंना सारखी चीर असेल तर एका पडण्याने ती समजावून सांगणं कठीण जातं. पांढुरका पट्टा मात्र जपून वापरा. प्लास्टिक ताणलं गेलं एवढंच तो सांगतो. हळूहळू की एका दणक्यात, हे एकट्या त्यावरून ठरत नाही.

तेव्हा फोटो असे काढा: पूर्ण हेडफोन चारही बाजूंनी, दोन्ही बिजागरं जवळून, चिरेची सुरुवात, आणि न लागलेल्या जागा. हे शेवटचे फोटो सगळे विसरतात. आघाताची खूण नाही हे दाखवायलाही फोटो लागतो, आणि तो हेडफोन हातातून जाण्याआधीच काढावा लागतो.

पाण्याच्या शेऱ्याचं गणित वेगळं. पुष्कळ उपकरणांत आत एक छोटं पांढरं स्टिकर असतं, ओल लागली की ते लाल किंवा गुलाबी होतं. ते लाल झालं की सर्व्हिस सेंटरला आणखी काही बघायची गरज वाटत नाही. तुमच्या हेडफोनवर आयपीएक्स ४ लिहिलं असेल (हा पाणी सोसण्याचा दर्जा), तर अर्थ एवढाच की कुठल्याही दिशेने उडालेले शिंतोडे त्याने सोसायला हवेत. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. या चाचण्या साध्या पाण्याच्या असतात. घाम, साबण, समुद्राचं पाणी त्यात नाही. गंमत अशी की हा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात छापणाऱ्या कंपन्याही वॉरंटीच्या अटीत ‘द्रवामुळे झालेलं नुकसान वगळून’ असं बारीक अक्षरात लिहितात. तुम्ही त्या मर्यादेत वापरला असेल तर हीच विसंगती लेखी दाखवून द्या: ज्या वापरासाठी विकला त्याच वापरात बिघडला, मग चूक कोणाची?

काही गोष्टींसाठी मात्र भांडू नका. कुशनचं कृत्रिम कातडं सोलवटणं आणि बॅटरी हळूहळू कमी टिकणं, हे बहुतेक अटींमध्ये झीज म्हणून वगळलेलं असतं. बॅटरी एका आठवड्यात अचानक मेली तर ती झीज नव्हे, तिथे भांडा.

४. वॉरंटी एक, कायदा दुसरा

वॉरंटी हे कंपनीने स्वखुशीने दिलेलं वचन, तिच्या अटींवर. कायद्याने मिळणारा हक्क त्याहून वेगळा, आणि अनेक देशांत तो कंपनीवर नव्हे तर विक्रेत्यावर चालतो. म्हणून ‘आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला’ हे उत्तर ऐकून लगेच माघारी फिरायचं नाही.

युरोपीय संघात नव्या वस्तूतल्या दोषाची किमान २ वर्षं जबाबदारी विक्रेत्याची असते, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं. तसं नसेल तर ते सिद्ध करायचं विक्रेत्याने. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याखाली सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात आणि पहिले ६ महिने पुराव्याचं ओझं विक्रेत्यावर असतं. अमेरिकेतला १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा सांगतो की आमच्याच ब्रँडचा सुटा भाग वापरला तरच वॉरंटी, अशी अट सहसा घालता येत नाही. बाहेरची कुशन लावली म्हणून बिजागराची वॉरंटी बुडत नाही. भारतात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तुम्ही जिथे खरेदी केली तिथला नियम कोणता, हे दावा करण्याआधी दहा मिनिटं काढून वाचा.

५. काउंटरवर: दोष सांगा, गोष्ट सांगू नका

आपल्याला सवय असते सगळं पहिल्यापासून सांगायची. परवा काय झालं, मग बॅगेत ठेवला, मग काढला... समोरच्याला त्यातलं एकच क्रियापद ऐकू येतं: तुटला. आणि शेजारी ‘काढताना’ असेल तर कर्ता तुम्ही.

म्हणून जे दिसतं तेवढंच सांगा. “डाव्या बिजागराला स्क्रूपासून चीर गेली आहे. उजव्या बाजूलाही तशीच सुरू झाली आहे. नेहमीच्या वापरात झालं.” तीन वाक्यं, बस्स. हे तुम्ही कागदावर लिहून नेलं आणि ‘हाच मजकूर तक्रारीत घ्या’ म्हणालात तर आणखी उत्तम.

खोटं बोला असं मी सांगत नाहीये. हेडफोन खरंच पडला असेल तर पडला म्हणा. पडणं आणि बिघाड यांचा संबंध नसेल तर ते वेगळं सांगा: कपावरचा ओरखडा जुना आहे, आत्ताची तक्रार डावा ड्रायव्हर, म्हणजे कपातला आवाज काढणारा भाग, बंद असल्याची आहे. बाहेरच्या ओरखड्याकडे बोट दाखवून आतला भलताच बिघाड नाकारणं ही नेहमीची पळवाट आहे, आणि ‘या खुणेमुळे ड्रायव्हर कसा बंद पडला?’ या प्रश्नाला सहसा उत्तर नसतं.

जॉबशीटवर सही करण्याआधी दोन रकाने वाचा: ग्राहकाची तक्रार आणि वस्तूची स्थिती. स्थितीच्या रकान्यात ‘डेंट, स्क्रॅच’ आधीच छापलेलं किंवा टिक केलेलं असू शकतं. तुमच्या हेडफोनवर तशा खुणा नसतील तर ते खोडायला लावा. नाही खोडलं तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहा, ‘कपावर ओरखडा किंवा चेपलेली जागा नाही’, आणि कागदाचा फोटो घ्या. मागे रांग असते, समोरचा वैतागतो. वैतागू दे.

कुरियरने पाठवत असाल तर कंपनीच्या अॅपमधून आणि ‘हरवलेलं उपकरण शोधा’ सुविधेतून हेडफोन काढून टाका, नाहीतर त्याच कारणाने तो परत येऊ शकतो. बांधतानाचे फोटो काढा. खोक्यात हालचाल होता कामा नये. ‘आम्हाला असाच मिळाला’ हे वाक्य त्यांच्याकडून येऊ शकतं, तेव्हा ‘मी असा पाठवला होता’ हे फोटोसह तुम्हाला दाखवता यायला हवं.

६. नकार आला? कारण लेखी मागा

फोनवर वाद घालून काही हाती लागत नाही. मी घातला, एका माणसाशी चाळीस मिनिटं, आणि तो बिचारा पडद्यावरचं तेच वाक्य वेगवेगळ्या आवाजात वाचत होता. त्याच्या हातात निर्णयच नव्हता.

ईमेलने तीन गोष्टी मागा: तपासणीचा अहवाल, ज्या जागेला ते नुकसान म्हणतात तिचा फोटो, आणि वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं ते. मला आलेल्या फोटोत चीर होती, आघाताची खूण नव्हती. माझ्याच फोटोंपैकी एक त्यांनी काढून पाठवावा, असा.

इथे एक सापळा आहे. नकारासोबत बऱ्याचदा गोड प्रस्ताव येतो: सवलतीत नवा घ्या, जुना आमच्याकडे ठेवा. हो म्हटलंत की दावा मिटला आणि पुरावाही गेला. दुसरा सापळा मुदतीचा. नाकारलेली वस्तू अमुक दिवसांत नेली नाही तर विल्हेवाट लावू, असं जॉबशीटच्या मागे लिहिलेलं असतं. वाद चालू असला तरी वस्तू ताब्यात घ्या.

७. पत्र: अर्ध्या पानाचं, रागाशिवाय

पहिलं पत्र मी अडीच पानांचं लिहिलं होतं. त्यात माझा मनस्ताप होता, ब्रँडवरचा विश्वास होता, ‘हीच का तुमची सेवा’ होतं. उत्तर आलं ते छापील. दुसरं पत्र असं होतं:

“तक्रार क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी आपण दावा ‘फिजिकल डॅमेज’ या कारणाने नाकारला. सोबतच्या छायाचित्र १ व २ मध्ये दोन्ही बिजागरांना स्क्रूच्या भोकापासून सुरू झालेली सारखी चीर दिसते. छायाचित्र ३ ते ६ मध्ये कप व हेडबँडवर आघाताची खूण नाही. जॉबशीटवरील ‘ग्राहकाच्या हातून तुटला’ हे माझे म्हणणे नाही. तूट नेहमीच्या वापरात झाली आहे. बाह्य आघात झाला असे आपले मत असल्यास त्याची जागा दाखवणारे छायाचित्र व तंत्रज्ञाचा अहवाल १० दिवसांत द्यावा. अन्यथा वॉरंटीनुसार दुरुस्ती किंवा बदली करून द्यावी.”

हे ग्राहक सेवेच्या सर्वसाधारण पत्त्यावर नाही, तक्रार निवारण अधिकारी किंवा त्या दर्जाचं जे पद संकेतस्थळावर दिलेलं असेल तिथे पाठवा. विक्रेत्याला प्रत जोडा. आठव्या दिवशी फोन आला, आणि या वेळी बोलणाऱ्या बाईंनी फोटो उघडून बघितले होते. ‘उजव्या बाजूचा आणखी एक जवळून पाठवता का?’ एवढंच त्यांनी विचारलं.

८. तरीही नाहीच म्हणाले तर

विक्रेत्याकडे कायद्याच्या हक्काने दावा, कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे व्यवहाराविरुद्ध हरकत, मग ग्राहक हेल्पलाइन किंवा आयोग. बँकेच्या हरकतीला मुदत असते, ती आधी तपासा. या सगळ्यांना लागणारी फाइल एकच, जी तुम्ही पहिल्या दिवसापासून बांधत आलात. हेडफोन साधाच असेल आणि मुदतही संपत आली असेल तर सोडून द्यायलाही हरकत नाही. वेळ तुमचाच जातो.

९. बदली हातात आली की

पाकीट उघडतानाच व्हिडिओ काढा. नवा सिरियल नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का बघा. आलेला नवा आहे की दुरुस्त केलेला, ते विचारा. आणि वॉरंटी नव्याने सुरू होते की मूळची उरलेलीच चालते, हे लेखी घ्या; बहुतेकदा उरलेलीच चालते.

मग त्याच दिवशी दोन्ही बिजागरांचे जवळून फोटो काढा, आणि दर महिन्याला त्याच उजेडात तेच फोटो. माझ्याकडे असे तीन संच झालेत. शेवटच्या संचात उजव्या स्क्रूपाशी मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसतोय. मूळची वॉरंटी संपायला तीन आठवडे आहेत, म्हणून तुटायची वाट न बघता काल तक्रार नोंदवली.